बुटाच्या चोचीचा पक्षी आणि एक सुई

नंदाखाल,
१२ जानेवारी २००३

चि. सालोमी हिस,
एडवर्डदादाचे अनेक आशीर्वाद. जगाची तू सिस्टर असशील, घरात धाकटीच. मी, तुझी मटिल्डावहिनी आणि केळीची बाग देवाच्या दयेने बरे आहोत.

पक्ष्याचा फोटो पोचला. ती चोच आहे की पायातला बूट? मटिल्डा म्हणाली, उपदेश लांबला की आपले फादर असेच दिसतात. मी तिला गप्प केले, पण रविवारी मिस्सात मलाच हसू आवरेना.

तिकडे येऊन होडीत बसून तासभर त्याच्याकडे बघायचे, असे तू लिहितेस. बाई ग, जन्मभर मी बागेतून पाखरे हाकलली. आता विमानाने जाऊन ती बघू? होडी कलंडली तर? मगरी आहेत का, खरे लिही. चौथी शिकलेल्या माणसाने विमानातला संडास कसा उघडायचा? त्यात आमचा मुलगा ॲलिस्टर सांगतो, पिवळ्या तापाची सुई टोचल्याशिवाय युगांडात उतरू देत नाहीत. तेव्हा माझे काही जमत नाही. उन्हात वाळवलेली राजेळी सुकेळी मात्र कोणाबरोबर तरी पाठवतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

एंटेबे,
९ फेब्रुवारी २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि. मगरी आहेत. पण आमचा नावाडी म्हणतो, हडकुळे म्हातारे त्यांना आवडत नाहीत. संडासाला कडी असते, ती सरकवायची. पांढरा सदरा आणू नकोस, पक्षी बुजतात; खाकी आण. दुर्बीण मी मागून ठेवली आहे.

राहिली सुई. देवीची लस टोचणारा आला तेव्हा तू दिवसभर बागेत लपलास आणि त्याने मलाच दोनदा टोचले. त्याची परतफेड म्हणून तरी दंड पुढे कर.

हा पक्षी तासन्‌तास जागचा हलत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तूच आठवलास. एकाहत्तर साली मी बोटीवर चढले तेव्हा गर्दीच्या मागे उभा राहून रुमाल हलवत होतो, असे तू पुढे कळवलेस. किनारा दिसेनासा होईपर्यंत मी तुलाच शोधत होते. पक्षी निदान दिसतो तरी.

माझे गुडघे गेले, दादा. आता मला तिकडे येववणार नाही. पक्षी हे निमित्त आहे, शहाण्या.

वहिनीला नमस्कार. राग नाही, वाट बघते आहे.
सालोमी

नंदाखाल,
३ मार्च २००३

चि. सालोमी हिस,
आशीर्वाद. टोचून घेतली. मुंबईला एक दंड ॲलिस्टरने धरला, दुसरा मटिल्डाने. चक्कर आली ती सुई बाहेर आल्यावर, म्हणजे टोचताना मी धीटच होतो. लस घेतल्याचे पिवळे कार्ड साऱ्या आळीला दाखवले. शेजारचा पीटर म्हणाला, पद्मश्री मिळाली काय?

आता ऐक. एकाहत्तर साली बंदरावर मी आलोच नव्हतो. विरार स्टेशनपर्यंत आलो. तुला जाताना बघवणार नाही असे वाटले, म्हणून पुलाखाली बसलो, तुझ्यासाठी आणलेली सुकेळी खाल्ली आणि घरी परतलो. फादरांपुढे दर वर्षी कबूल करतो. ते माफ करतात, त्यांचे काय जाते? तू बाकी आहेस.

चौदा मेला सकाळी उतरतो. मटिल्डा बाग सांभाळायला मागे राहते. सुकेळीचे पुडके तिने चारी बाजूंनी शिवून टाकले आहे; तिचा माझ्यावर विश्वास नाही.

विमानतळावर खुर्ची घेऊन अगदी पुढे बस. भेटेपर्यंत हवे तेवढे रागाव.
तुझा दादा

ता. क. रुमाल आणतो आहे. उशीच्या अभ्र्याएवढा.