जमिनीवरून उठणं

आई, काल खासबागेतल्या फिजिओथेरपिस्टनं मला सतरंजीवर बसवलं आणि म्हणाली, ‘आता हात न टेकता उठा बघू.’ माझ्या नातीच्या वयाची पोर. मी जन्मभर मुलींना पीटी शिकवली आणि काल टेबलाचा पाय धरून उठले. वर तिनंच मला समजावलं, की जमिनीवरून उठायला ताकद, लवचीकपणा आणि तोल तिन्ही एकदम लागतात. मी म्हटलं, ‘हे मी तुझ्या आईच्या वर्गाला शिकवलंय.’ ती म्हणाली, ‘मग सोता का करत न्हाईसा, मॅडम?’ लई शहाणी आहे.

तू निपाणीत मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन दिवसभर विड्या वळायचीस. कुणी हाक मारली की सूप सरकवून सरळ उभी राहायचीस. हात तंबाखूनं भरलेले, टेकणार कुठं? पाठ दुखायची, हेही खरं. पण त्या उठण्याबसण्याला मी व्यायाम मानलं नाही. मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंटमध्ये व्यायाम म्हणजे शिट्टी आणि पांढरे बूट. पुढं तुला बेळगावला आणलं, खुर्ची घेतली, ओटा बांधला. भाजी चिरायला तू खाली बसलीस की मी ओरडायचे, गुडघे झिजतील म्हणून. ‘माझं गुडघं काय बी म्हणत न्हाईत गं, तूच लई बोलतीस,’ असं म्हणत तू खुर्चीत बसायचीस. आणि शेजारणीला सांगायचीस, ‘लेक शिकल्याली हाय, तिला कळतंय.’

दोनच वर्षांनी चिकोडीच्या लग्नात तू पंगतीला बसायला वाकलीस आणि अर्ध्यातच अडकलीस. दोघींनी धरून उठवलं. ‘आक्का, बेळगावात जाऊन जड झालासा व्हय?’ कुणीतरी म्हणालं. तू हसलीस. त्यानंतर मात्र कुठल्याच लग्नाला आली नाहीस. ‘तू जाऊन ये,’ एवढंच म्हणायचीस.

रोज न केलेली हालचाल शरीर सोडून देतं. हे मी तुला खुर्ची घेतली त्याच वर्षी नववीच्या फळ्यावर लिहिलं होतं, त्यामुळे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. गुडघे हे मी पुढं केलेलं कारण होतं. शाळेतल्या बाया घरी यायच्या, त्यांना तू जमिनीवर बसलेली दिसू नयेस, इतकंच होतं. तुला ते कळलं होतं का, हे तू असताना विचारलं नाही. आजही विचारलं नसतं. उत्तर येणार नाही, याची खात्री आहे म्हणून लिहिते आहे.