सम्राटाला फुटलेली शिंगं

रोम, द्राक्षतोडणीचे दिवस

प्रिय दोमितिलाताई,

पायांवर डोकं ठेवतो. तुझं ईस्टरचं पत्र, आणि उत्तर द्राक्षं पिकल्यावर, म्हणून रागावू नकोस. हात थरथरतो, आणि आता तर त्या हातानेच घात केला आहे. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

आमच्या उमराव धन्यांच्या, मार्केझेसाहेबांच्या, दालनातल्या संगमरवरी सम्राटाचा फोटो काढायला एक फ्रेंच माणूस तिपाईवरचं खोकं घेऊन आला. (तोच नकटा सम्राट. साहेब त्याला आपला पूर्वज म्हणतात, आणि नाक सोडलं तर चेहरा आहेही तसाच.) मी म्हटलं, त्यापेक्षा माझा काढा. तर म्हणतो, "आजोबा, सम्राट शिंकत नाही." मग मला पुतळ्यामागे स्टुलावर चढवून एका हाताने पडद्यासारखं काळं कापड धरायला लावलं, आणि बजावलं, हलायचं नाही. आता ताई, खोक्याला एकच डोळा, तोही न मिटणारा. त्याची दृष्ट लागल्याशिवाय राहील? आईने शिकवल्याप्रमाणे मी दुसऱ्या हाताची तर्जनी आणि करंगळी ताठ केली. हात कापडाच्या वर गेलाय हे मला मागून काय दिसणार? एरवी थरथरणारा हात त्या दिवशी भीतीने दगड झाला. त्यात सकाळीच पुतळा खडूने घासलेला, म्हणून बोटंही संगमरवरासारखी पांढरी.

फोटोत सम्राटाला दोन सुबक शिंगं. नवऱ्याला शिंगं दाखवली की त्याची बायको दुसऱ्याच्या नादी लागलीय असा अर्थ, ते तुला सांगायला नको. आणि मार्केझेबाई वसंतापासून हवापालटाला नेपल्सला, तिथेच ऑपेरातला एक गवई घसा शेकायला (असं लोक म्हणतात, मी नुसता ऐकतो). साहेबांनी फोटो आधी न बघताच जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवला. एक पाहुणे म्हणाले, "आता घराण्याचं साम्य पूर्ण झालं, मार्केझे."

दुसऱ्या दिवशी आम्हा नोकरांना ओळीत उभं करून बोटं तपासली. जुळली तर नोकरी गेली, आणि दालनाशेजारची खोलीही. मग मी काय तुझ्या शेळीजवळ झोपू? मी सांगून टाकलं की लहानपणी गाढव चावल्यापासून माझी करंगळी सरळ होत नाही. तेव्हापासून ती वाकडी धरूनच हिंडतोय. सूप सांडतं.

तुझा धाकटा,
एजिदियो

ता. क. तुमच्या फादरांकडून गाढव चावल्याचं लिहून घे. गाढवाचं नावही घालावं, खरं वाटेल.

आणखी ता. क. आत्ताच नेपल्सहून बाईंचा निरोप आला. फोटोच्या दोन प्रती हव्यात, आणि ती बोटं ज्याची असतील त्याला त्या आपल्या पदरी ठेवून घेणार आहेत. तेव्हा गाढव कधीच चावलं नव्हतं, असंही एक पत्र वेगळं लिहून घे. दोन्ही लवकर धाड, करंगळी अवघडली आहे.