हिनुलावान बेटावर कुठे थांबावं

३ मे

पोचले एकदाची! होडीत पाय भिजले, बॅगेत आईने कोंबलेल्या सुक्या माशांचा वास कपड्यांना लागला, आणि तरी मी खूश आहे. मला सांभाळायचंय ते गेस्ट हाऊस धक्क्यासमोरच आहे. सहा खोल्या, निळ्या खिडक्या, पुढे लांबलचक व्हरांडा. मालकीण मानांग पुरिता (मानांग म्हणजे ताई) साठीची असेल, वर टेकडीवर राहते. तिने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि दारातूनच परत फिरली. आत तरी या म्हटलं, तर म्हणाली की पर्ला, माझे गुडघे फार दुखतात गं. आणि तुरुतुरु चढ चढून गेलीसुद्धा.

पहिलंच काम माझ्या आवडीचं मिळालंय. पर्यटकांसाठी एक पान लिहायचं, बेटावर कुठे राहावं आणि काय पाहावं. राहण्याचं सोपं आहे, आमच्याशिवाय दुसरं ठिकाणच नाही. पाहायला वटवाघळांची गुहा, जुनं दीपगृह आणि ओहोटीला समुद्रात उघडी पडणारी वाळूची वाट. पंचवीस तारखेला तिन्तिनला इथे आणेन आणि त्या वाटेवरून चालवेन. माझी सहा वर्षांची पोर, नानाय नानाय म्हणत मला बिलगणारी, तिला आजीकडे सान रोकेला ठेवून आलेय. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही, असं मी सांगितलं तेव्हा ती बोटांवर दिवस मोजायला लागली, आणि तिला बोटं पुरेनात.

६ मे

दुपारी व्हरांड्यात अठरा माणसं! पांढरे कपडे, सुजलेले डोळे. मी लगेच ओळखलं, मयताच्या घरून आलेत. तिथून थेट आपल्या घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी टेकायचं. गेलेलं माणूस मागोमाग येत असलं तर ते तिथेच राहतं. पगपग, झटकून टाकणं. सान रोकेला आम्हीही करतोच की. बाबा गेले तेव्हा बसस्टँडजवळच्या नूडल्सच्या दुकानात टेकलो होतो.

मी सगळ्यांना कॉफी दिली, आल्याची बिस्किटं दिली. एका आजोबांनी माझ्या कॉफीची अशी तारीफ केली की मी फुगलेच. दहा मिनिटांत सगळे पसार, कप अर्धे तसेच. संध्याकाळी मानांग पुरिताचा निरोप आला की त्यांना कॉफी फुकटच द्यायची, पण ती तुझ्याच हातची हवी. म्हटलं, कॉफीची कीर्ती टेकडीवर पोचली तर!

१० मे

तीन नंबरमधलं परदेशी जोडपं दोन दिवस आधीच गेलं. जाताना बाईने फार अदबीने विचारलं की व्हरांड्यात दिवसभर बसणाऱ्या त्या आजी उत्तर का देत नाहीत. मी म्हटलं, शेजारच्या असतील. शेजारी नारळाची वखार आहे, तिथे बाईमाणूस कुणीच नाही.

मासेवाली लोर्ना कधी पायरी चढत नाही, टोपली रस्त्यातूनच पुढे करते. आज म्हटलं, ये की गं, कॉफी घे. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली की वेडीबिडी झालीस काय, आज कुणी मेलंय का? मग बांगडे तसेच टाकून पळाली.

म्हणजे अख्ख्या बेटाचं टेकायचं ठिकाण हे एकच. आजवर कितीजणांना इथे सोडून गेले असतील?

नूडल्सच्या दुकानात आम्हाला वाढणाऱ्या पोरीचा चेहरा आठवून पाहिला. आठवत नाही. आम्ही पोटभर खाल्लं, हसलोसुद्धा, बाबांना तिच्याकडे सोडलं आणि घरी जाऊन गाढ झोपलो. पुढे तिचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आज लाज वाटली.

१३ मे

काल पुन्हा मयत, पुन्हा कॉफी. आज सकाळी पाहिलं तर व्हरांड्यातल्या अकरा खुर्च्या माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होत्या. मी लावल्या नव्हत्या. भीती घालवायची म्हणून मीच गंमत केली, अकरा कप भरून मांडले. कपडे वाळत घालून आले, तर अकराही अर्धे.

तडक टेकडी चढले. नोकरी नको म्हणून सांगितलं. मानांग पुरिताने मला अंगणातच उभं केलं. रडली. म्हणाली की आधीची पोरगी चार वर्षं राहिली, तुलाच दहा दिवसांत काय झालं? त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं बये, तू कॉफी तेवढी देत जा. हे सगळं ती माझ्याकडे न बघता बोलत होती. माझ्या मागे बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत — मोजत असल्यासारखी.

पर्यटकांचं पान फाडून टाकलं. कुठे राहावं म्हणून सांगू लोकांना?

१५ मे

होडीवाला मानोंग तेबान नको म्हणाला नाही. बाकीच्या उतारूंना मात्र खाली उतरवलं, पुढच्या खेपेला या म्हणाला. होडीत मी आणि माझी एक बॅग. होडी कडेपर्यंत पाण्यात.

सान रोके. बसस्टँड. घर इथून दहा मिनिटांवर. थेट जाणार नाही, तेवढं मला कळतं. नूडल्सच्या दुकानात अर्धा तास बसले. चर्चमध्ये अख्खा मिस्सा ऐकला. मग मासळी बाजार, मग न्हाव्याचं दुकान. प्रत्येक ठिकाणाहून मागे न बघता उठले.

स्टँडवर येऊन एक कॉफी मागितली. पोऱ्याने बारा आणल्या. म्हणाला की एवढ्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या उन्हात कुठे निघालात, ताई?

ते गेस्ट हाऊसमध्ये राहत नव्हते. माझ्याकडे राहत होते. कॉफी मी दिली ना —

१६ मे

रात्र स्टँडवरच काढली. आईला फोन केला. सगळं सांगितलं. आधी म्हणाली की डोकं फिरलंय तुझं. मग कुठेकुठे टेकलीस ते नीट विचारलं. मग म्हणाली की नको येऊस बाळा, पोर आहे घरात.

तिचं बरोबर आहे. माझीच आई, आणि तिचं बरोबर आहे.

मागून तिन्तिनचा आवाज येत होता — नानाय कुठेय, स्टँडवर आहे का, मी जाऊ का आणायला —

दुपार

लांबची बस पकडते. कुठलीही. हे येतील बरोबर, येऊ देत. पोरीपर्यंत नको. बस तीनला आहे. अजून वीस मिनिटं —

शेजाऱ्याची तीनचाकी रिक्षा. तिन्तिनचा लाल फ्रॉक — नाही. नाही. एकटीच —

मागे फिर म्हणून ओरडले. ती हसतेय.

माझ्याकडे आली नाही. समोरच्या बाकापाशी थांबली. बाक रिकामा आहे. मला रिकामाच दिसतो. ती वाकली — थोरांचा हात धरून कपाळाला लावतात तशी, मीच शिकवलंय — मग पुढच्यापुढे — तीन — चार —

उठता येत नाही. खांद्यांवर हात आहेत, मायेने दाबून —

नऊ. दहा.

अकरावा तिचा हात सोडत ना —