मागची सीट

१२ नोव्हेंबर

आलं पत्र! सरकारमान्य डॉक्टरने डोळे-कान तपासून पास केल्याशिवाय प्रविणने विमान उडवायचं नाय. त्याने ते तीनदा वाचलं, हात लांब करून. मग म्हणाला, चहा टाक.

(तोंडावर मी त्याचं नाव घेत नाय. वहीत घेते.)

विमान कसलं — तीन चाकं, मागे पंखा, डोक्यावर कापड, एकामागे एक दोन सीटा. धरमतरला बार्जची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचावं! माझी सवत आहे ती. गडबला शरीफभाईंच्या शेतात शेडमध्ये झोपलेली असते. एकदाच बसले मागे. खाली बघ, खाडी बघ, करत होता. मी उतरेपर्यंत डोळे उघडले नायत.

१५ नोव्हेंबर

कागद तपासायला आलेला नवा पोलीस म्हणाला, पीयूसी आणा. विमानाची! प्रविण खरंच चौकशी करून आला. नियमांवर चिडतच नाय हा माणूस. कोणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून असतात, म्हणतो. पनवेलकडचा मोठा विमानतळ झाल्यापासून कागद दुप्पट झालेत. त्याच्या वाटचं मीच चिडून घेते.

२१ नोव्हेंबर

आज अकरा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी. कारखान्यात बावीस वर्षं गणपतीचे डोळे माझ्याकडे. जवळ बसून नजर कळत नाय, म्हणून दहा हातांवर कोणीतरी उभं राहून सांगतं — डावा वर घे, उजवा जाड झाला. माझ्यासाठी प्रविण उभा राहतो, कामावरून येता येता. हल्ली सगळ्यांनाच "सरळ" म्हणतो. तो गेला की मी उठून बघते आणि गुपचूप दुरुस्त करते. कशाला सांगायचं?

२ डिसेंबर

वाटोळं केलं मी.

पनवेलला डॉक्टरकडे गेलो. मी मागे बाकावर. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. चौथ्या ओळीला प्रविण अडला. आणि माझ्या तोंडातून गेलंच — "डावीकडून तिसरं, झेड!" मोठ्याने, कारखान्यात सांगतात तसं. मुद्दाम नाय, देवाशपथ. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मला म्हणाला, सगळ्यात खालची वाचा. मी वाचली. बाकावरूनच.

मग प्रविणच्या डोळ्यांत थेंब घातले, आत बघितलं. डोळ्याचे पडदे खराब होतायत. चष्म्याने सुटणारं नाय. नापास.

एसटीत तो खिडकीकडे बसला होता. वडखळपर्यंत बाहेरच बघत होता.

३ डिसेंबर

त्याने अर्धी भाकरी खाल्ली. ती पण माझ्यासाठी.

७ डिसेंबर

साताऱ्याचा एक माणूस रविवारी विमान न्यायला येतोय. प्रविणनेच फोन केला. पडून गंजेल त्यापेक्षा बरं, म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं. सवत चालली ना! भांडी घासता घासता रडले.

संध्याकाळी कारखान्यात आला, नेहमीसारखा दहा हातांवर उभा राहिला. मी नेहमीसारखं विचारलं, सरळ आहे ना?

म्हणाला, "मी गेल्यावर तू डोळे दुरुस्त करतेस ना गो?"

खोटं बोलवेना. व्हय, म्हटलं.

"मला ठाऊक होतं. तरी यायचो."

मग मी ब्रश ठेवला. पुढचं काम झालंच नाय.

१० डिसेंबर

साताऱ्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं. मागे बसणाऱ्याला डोळ्यांची तपासणी लागत नाय — नियमांचा गठ्ठा माझ्याकडून दोन दिवस वाचून घेतला, तेव्हा सापडलं ते. अर्ज मी माझ्याच नावाने भरला; शिकून परवाना मिळाला की पुढे मी, मागे तो. शिकाऊ वैमानिक: नमिता प्रविण घरत. तो म्हणाला, "तू फक्त डोळे उघडे ठेव. बाकी मी मागून सांगतो."