कठड्यातला पिंपळ

१९ एप्रिल
सकाळी आनंदनगरला एका कारखान्याच्या पत्र्यांवर ड्रोन उडवला. ऊन असं की टॅबलेटवर काही दिसेना, ओढणी डोक्यावर घेऊन बघत होते. दुपारी लछूअंकलचा फोन. आईच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, उल्हासनगर कॅम्प तीन. "बेटा, मम्मी के किचन में प्लास्टर गिरा. तू दूसरों की छत देखती है, अपनी भी देख ले." आई मला काहीच बोलली नव्हती. विचारलं तर म्हणे, "ओट्यावर पडलं, माझ्यावर नाही."
बाबा गेल्यापासून ती वरच्या मजल्यावर एकटी. बदलापूरला माझ्याकडे ये म्हटलं की भाजीचा विषय काढते.

२२ एप्रिल
आईच्या बिल्डिंगमध्ये आधी दारोदार सांगितलं, गच्चीवरचे पापड उचला, कपडे काढा. तरी कोणाचा तरी पापड उडालाच, शिव्या खाल्ल्या.
ऊन उतरल्यावर थर्मल कॅमेऱ्याने फेरी. ओल निळी दिसते. टाकी गळत असेल वाटलं होतं. टाकीजवळ काही नाही. निळं सगळं पिंपळापासून सुरू होतं आणि आईच्या स्वयंपाकघरावर येऊन थांबतं.
आमचा पिंपळ.

२३ एप्रिल
गच्चीच्या कठड्याच्या फटीत उगवला तेव्हा दोन पानं होती. चिमटीत उपटला असता. बाबा म्हणाले, बोधिवृक्ष आपल्या पायांनी घरी आलाय, हात लावायचा नाही. विटा रचून माती घातली, रोज तांब्याभर पाणी. तळमजल्याच्या काकू शनिवारी दिवा लावायला लागल्या. लछूअंकल एकदा माणूस घेऊन आले काढायला, तर त्यांच्याच घरच्यांनी त्यांना पायऱ्यांवरून परत नेलं. पीपल को कौन काटता है. पाण्याच्या मोटरवरून डोकी फुटतात ह्या बिल्डिंगमध्ये, पण पिंपळावर एकमत.
मुळं कोब्याखालून आत गेलीत. बाबांनी वाढवलेलं झाड बाबांच्याच घराचा स्लॅब खातंय. रागवायचं तरी कोणावर.

२५ एप्रिल
ऑफिसातले सर म्हणाले, गच्चीचे जुने फोटो असतील तर शोध, जुने-नवे एकमेकांवर ठेवले की स्लॅबची फट किती वाढली ते सॉफ्टवेअर सांगतं.
आहेत. उडवायला मी ह्याच गच्चीवर शिकले.
तेव्हाचं एक शूटिंग सापडलं. ड्रोन खाली येतोय, पिंपळ त्याच्या वाऱ्याने हलतोय, आणि बाबा दोन्ही हातांनी त्याला धरून उभे. कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. झाडाला वारा लागू नये म्हणून पाठ केलीय माझ्याकडे. ड्रोनमध्ये आवाज येत नाही. तरी मला ऐकू आलं, "अगं वर घे, वर घे, पानं झडतील!"
खूप रडले. ते गेले तेव्हा मी पाहुण्यांचा चहा करत होते, रडायचं राहून गेलं होतं.

२७ एप्रिल
तेव्हा फट केसाएवढी. आता बोट जाईल.
दुसऱ्या कोणाचं घर असतं तर दोन ओळींत लिहून मोकळी झाले असते. वरचा मजला लगेच रिकामा करा. झाड मुळासकट काढा, पावसाच्या आत. झाडासाठी पालिकेची परवानगी बघा.
आमच्या ऑफिसचा नियम, रिपोर्टमधल्या फोटोत माणूस आला तर पुसट करायचा. बाबांवर चौकोन ओढला. करडा डाग झाला त्यांचा. लगेच परत आणले. पुन्हा पुसले. पुन्हा आणले. काम पुढे सरकेना.

२९ एप्रिल
आईला टॅबलेट दाखवला. झाड काढावं लागेल, रिपोर्टमधून बाबांना पुसावं लागेल, दोन्ही सांगितलं.
"फट दिसते का?"
"दिसते." मग बाबांवर बोट ठेवून, "हा शर्ट मी भांडीवालीला देऊन टाकला गं."
टेकू लावायला माणूस बोलावलाय म्हटलं. तोवर तरी माझ्याकडे चल म्हटलं. "पौर्णिमा होऊ दे," म्हणाली.

१ मे, बुद्धपौर्णिमा
गर्दी करू नका, एकेकाने वर जा, असं जिन्यात उभी राहून सांगत होते. ऐकलं सगळ्यांनी. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, एकेक जण पिंपळाकडे आणि परत. लछूअंकल पण गेले. खाली आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "तेरे पापा होते तो पेड़ काटने को मना कर देते ना?"
आई शेवटी गेली. त्रिशरण म्हटलं, खोडाला हात लावला, खाली आली. म्हणाली, "पाठव तुझा रिपोर्ट. पण ह्यांना पुसू नकोस. वाढवला त्यांनी, काढतानाही असू देत."
"आणि तू? येशील ना माझ्याकडे?"
"लोक थांबलेत, खीर गार झाली असेल."
रिपोर्ट समोर उघडा आहे. बाबा त्यात आहेत तसेच, पाठमोरे. पाठवला की घर रिकामं करावं लागेल. नाही पाठवला तर...
आई आत गेली, गॅस पेटवला. बरोबर त्या फटीखाली उभी राहून खीर ढवळतेय. टेकू अजून आलेला नाही.
"आई, तिथून बाजूला हो."
"झालंच," म्हणाली.