थोरल्याने लावलेला अर्थ

१२ मार्च, गुरुवार

चिरंजीव थोरल्या,

तुला, सूनबाईला आणि माझ्या नातीला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असू दे.

सगळ्यात आधी तुझी मामी टपकली, पांढरे कपडे घालून. मी दारात बसून कंडक्टरच्या पँटीची शिवण उसवत होते, तर ही गळ्यातच पडली. मी म्हटलं, "वहिनी, कोण गेलं?" तर आणखीच हुंदके. मागोमाग तुझी आत्या. मग तुझ्या बाबांचे पत्ते खेळणारे दोघे मित्र. त्यातला एक कानाने अधू, तो माझ्यासमोरच दुसऱ्याला मोठ्याने म्हणाला, "चेहऱ्यावर तर काही दिसत नाही रे अजून." चहासाठी तीनदा दूध आणावं लागलं. शेवटी धाकट्या सुनेला आत ओढलं, तेव्हा कळलं. तू घरोघर फोन केले होतेस, आईच्या रिपोर्टात क्रॉनिक आलंय, एकदा भेटून घ्या.

खोकल्याचा रिपोर्ट तो. सुनेने तुला फोटो पाठवला, आणि तू तिला समजावलंस की आमच्या कारखान्यात ज्या मशीनवर क्रॉनिक असा शेरा पडतो ते भंगारात काढतात. झालं. तू शिकलेला, मी तिसरीतून घरी बसलेली. तू म्हणतोस म्हणजे असेल, असं मीही धरून चालले.

दुसऱ्याच दिवशी मामी टेम्पो घेऊन हजर, माझं शिलाई मशीन न्यायला. तूच म्हणालास ना तिला, आईकडून आता होणार नाही, पडून गंजेल? मला एका शब्दाने विचारलं नाहीस. एकतीस वर्षं त्याच्यावर लोकांच्या चेन बदलल्या, पँटी आखूड केल्या, तुम्हा दोघांना वाढवलं. आणि मी खुळी, मीच त्याला तेल घातलं, सुया डबीत घालून दिल्या. कंडक्टरला पँट अर्धी उसवलेलीच परत केली. तो म्हणाला, "मावशी, घाई नाही, मी थांबतो की." मी म्हटलं, "तू थांबशील रे, मी नाही थांबत."

मग नातीचा फोन. "आजी, तू कधी जाणार? बाबांनी विचारू नको म्हटलंय." पोर गुणाची आहे, तिला रागावू नकोस. मला हसू आलं आणि फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर बघत बसले.

अकरा दिवस असे काढले. दार वाजलं की मी केस सारखे करायची. कशासाठी, ते राहू दे.

बाराव्या दिवशी उठले आणि एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "किती दिवस उरलेत ते सांगून टाका, उगाच गोड बोलू नका."

त्या म्हणाल्या, "कोणाचे?"

मी रिपोर्ट पुढे केला, त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला. "आजी, क्रॉनिक म्हणजे मुक्काम ठोकून बसलेला आजार. किती दिवसांचा, एवढंच तो शब्द सांगतो. किती मोठा, ते सांगत नाही. अचानक उसळतो त्याला अॅक्यूट म्हणतात, खरी धावपळ बहुतेकदा त्याच्यासाठी. तुमचा खोकला कपड्यांच्या धुळीचा, जुना. नाकाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, औषध चुकवू नका आणि खुशाल शिवा."

मला इतका आनंद झाला की बाहेरच्या शिपायालाही सांगितलं, मला क्रॉनिक आहे म्हणून. त्याने घाबरून खुर्ची दिली. बसले ऐटीत. आता तो शब्द तोंडात बसलाय. न्हाणीघरातला गळका नळ क्रॉनिक, सुनेची डोकेदुखी क्रॉनिक, आत्याची कुरकुर तर जन्माची क्रॉनिक.

पण बस घराकडे वळली आणि माझं डोकं फिरलं. एक फोन डॉक्टरीणबाईंना केला असतास तर? सतरा जणांना केलेस. मशीनची विल्हेवाट लावलीस, पोरीच्या मनात भरवलंस, आणि सगळ्यांना म्हणालास भेटून घ्या. सगळे आले. तो बहिरासुद्धा काठी टेकत दोन जिने चढून आला. आई चालली हे तुलाच पहिलं कळलं होतं ना? तुला येऊन तीन वर्षं झाली. माझं मरणही तुला पुरलं नाही इथवर यायला.

लिहायचं नव्हतं. लिहिलं. खोडणार नाही.

मामीला मी फोन करून मशीन परत मागितलं. ती म्हणाली, "अहो, माझ्या सुनेने त्याच्यावर पडदे शिवायला घेतलेत." मी म्हटलं, "पडद्यासकट आणा, मी शिवून देते." रविवारी सकाळी अकराला टेम्पो घेऊन येते म्हणालीय. आत्या आणि ते दोघे मित्रही रविवारीच येणार आहेत, रंगीत कपड्यांत. तुला बोलावत नाही. रविवार आहे, एवढं कळवलं.

अजून पुष्कळ दिवस तुझीच,
आई