गरम पाण्यातली कणीक

आई, एवढं दुखत होतं तर तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला? नळावरच्या नंबरासाठी साऱ्या आळीशी भांडायचीस, आणि हाताचं विचारलं की एकच, "काय न्हाई गं, झोपंत हात दबला." रोज कसा दबेल हात? आणि दोन्ही कसे दबतील? मला कळायला हवं होतं हे खरं, पण मी पंधरा-सोळाची, डोकं सदा तापलेलं. सांगायचं काम तुझं होतं.

अजून डोळ्यांपुढे आहे, धायरीच्या खोलीत तू उठलीस की आधी स्टो पेटवून पातेलंभर पाणी तापवतेस. चहाला नाही, कणकेला. पीठ घ्यायच्या आधी नुसतेच हात पाण्यात घालून बसतेस, आणि मी पांघरुणातून ओरडते की रॉकेलच्या रांगेत मी उभी राहते, तू नाही. तू म्हणतेस, गरम पाण्यानं पोळी मऊ होते. कोथरूडला नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, नवरा-बायको दोघं कामावर जाणारी घरं, सगळ्यांना आठाच्या आत पोळ्या हव्यात. मी तुझ्या हाताखाली यायचे, आणि तिथेही तुझं तेच, आधी पाणी तापवायचं. पहिल्या घरातल्या काकूंना मी तुझं हे खूळ सांगितलं तर त्या मलाच म्हणाल्या, "तुझ्या आईची पोळी मऊ आहे. वातड आहे ती तुझी जीभ." तू पदर तोंडाला लावून हसलीस. तू गेल्यावर मी तीच युक्ती चार बायकांना शिकवली, आमच्या आईची म्हणून. त्यांच्या पोळ्याही मऊ होतात, म्हणजे तू खोटं बोलली नाहीस. अर्धंच सांगितलंस.

त्याच काकूंकडे तुझ्या हातून वरणाचं पातेलं सुटलं. काकू भाजलं का म्हणून विचारत होत्या आणि मी मध्येच बोलले, "कामाचा कंटाळा आला की हात दुखतात हिचे." तू खाली बसलीस. फडकं मुठीत धरवत नव्हतं, तर तळव्यानं ढकलत फरशी पुसलीस. परत येताना बसमध्ये एकच जागा होती, तिथं मला बसवलंस आणि स्वतः दांडीला कोपर अडकवून उभी राहिलीस, स्वारगेटपर्यंत. मला वाटलं, माझ्यावर रुसलीस म्हणून लांब उभी आहेस. बोटं मिटत नव्हती म्हणून कोपर, हे आज कळतंय, मीच तशी उभी राहायला लागल्यावर.

कारण दोन वर्षांमागं माझेही हात धरले. मीही तुझ्यासारखंच केलं, मेडिकलवाल्याकडून गोळी आणायची, उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची आणि कामाला लागायचं. पोट जळायला लागलं तेव्हा एका घरातल्या सूनबाईंनी पाहिलं. त्या घरी बसूनच कंपनीचं काम करतात, कानाला ते लावून दिवसभर इंग्रजीत बोलतात. ते काढून ठेवलं आणि मला स्वतःच्या स्कूटरवर घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, सकाळी जास्त आखडतं का? दोन्ही हातांना? बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, पाचला उठते आणि सातच्या बसपर्यंत मूठ वळत नाही. मग रक्त तपासलं, फोटो काढले. म्हणाल्या, हा कामानं झिजलेला सांधा नाही, हा संधिवात आतून सूज आणतो. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आवरता येतो. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, रोज नाही. मध्ये मध्ये रक्त तपासायचं, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही. मेडिकलवाल्याची गोळी बंद. काम सलग उरकायचं नाही, मध्ये टेकायचं, पण हात अगदी गप्पही ठेवायचे नाहीत. "आणि सकाळी उठलात की थोडा वेळ हात सोसेल अशा गरम पाण्यात ठेवा, मग हळूहळू मूठ उघडा-मिटा."

मला तिथंच रडू फुटलं. बाईंना वाटलं, सुईला घाबरले.

आता लेकीचं ऐक. तुझी नात कंपनीत कॉम्प्युटरवर बसते, घ्यायला गाडी येते. दिवाळीपासून सकाळी तिला बाटलीचं झाकण उघडत नाही. विचारलं तर म्हणते, टायपिंगनं होतं, काही नाही. ते "काही नाही" ऐकून मी इतकी ओरडले की शेजारीण आली. गुरुवारी तिला घेऊन जाते आहे. टायपिंगचंच निघालं तर मी तुझ्या नावानं नारळ फोडीन. पण ते नसलं, तर लवकर सापडलेलं बरं, बोटं वाकायच्या आत थांबवता येतं असं बाई म्हणाल्या. त्यांनी मला विचारून ठेवलंय, तुमच्या आईला कितव्या वर्षी सुरू झालं? गोळी चालू केल्यापासून माझी मूठ वळते आता, म्हणून हे लिहिता तरी येतंय, चौथीचं अक्षर आहे, लावून वाच. हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा दवाखान्याच्या फायलीत ठेवते.

मी बाईंना म्हटलं, आठवून सांगते. खोटं बोलले. आई, मला तुझं वयच माहीत नाही. रेशनकार्डावर आहे ते बाबांनी अंदाजानं सांगितलेलं, आणि तुला मी कधी विचारलंच नाही. तेव्हा तूच सांग, केव्हा सुरू झालं, मी पोटात होते तेव्हा की आधीच. आणि काय न्हाई म्हणू नकोस. बुधवारी संध्याकाळपर्यंत मला सांग.